ओसरीवरून : मागचें ढिलें चाक

गेल्या अंकांत आम्हीं आमच्या वाड्याच्या गळक्या धाब्याचें रडगाणें गाइलें. तें वाचून कित्येक वाचकांनीं आपापल्या घरांतील गळत्या आम्हांस कळविल्या, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. या वेळीं धाब्याच्या खालीं, ओसरीच्या कोपऱ्यांत भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका सायकलीविषयीं लिहावयाचें आहे. आणि तें लिहितांना आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगणें प्राप्त आहे. चूक दोन वीत सुतळीएवढीच होती. परंतु तिच्यापायीं एका मुलीचें हाड मोडावयाचें थोडक्यांत राहिलें, आणि आमच्या घरांत चार दिवस कोणी कोणाशीं सरळ बोललें नाहीं.

आष्टी म्हटलें कीं बाहेरगांवच्या लोकांचा घोटाळा होतो, म्हणून आधीं गांवाचा खुलासा. बापू गोखले १८१८ सालीं ज्या आष्टीस पडले ती सोलापुराकडील. १९४२ च्या ऑगस्टांत जेथें रक्त सांडलें ती आष्टी वर्ध्याकडील. आणि बीड जिल्ह्यांतील आष्टी हें तालुक्याचें गांव. आमची आष्टी या तिहींहून निराळी, परतूर तालुक्यांतली. आमच्या लहानपणीं ती परभणी जिल्ह्यांत मोडत असे. १९८१ सालीं जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हां परतूर तालुक्याबरोबर आम्हीही जालन्याचे झालों. पत्त्यावर जिल्हा लिहिण्याचा आळस करणाऱ्या स्नेह्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यांत शेताच्या वाटेनें सायकल नेली तर चाकाला इतकी माती चिकटते कीं कर्णाच्या रथाची कथा विद्यार्थ्यांस निराळी समजावून सांगावी लागत नाहीं.

आमचे पुतणे नोकरीनिमित्त चार वर्षें हॉलंडांत, आइंडहोवन शहरीं होते. परत येतांना त्यांनीं घरच्या सामानाबरोबर तिकडील एक सायकल आणली, आणि पुण्याच्या रहदारींत तिचा उपयोग नाहीं असें पाहून ती आमच्या नातीसाठीं आष्टीस धाडली. नात नववींत आहे. सायकल काळी, दणकट, साखळीवर अर्धें झांकण असलेली. ती पाहावयास गल्ली लोटली, कारण तिच्या मुठींवर ब्रेकचा दांडा नव्हता कीं तार नव्हती. आमचे थोरले बंधू चष्मा सांवरून सायकलीभोंवतीं दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "हिला लगाम कोठें आहे?" नातीनें अंगणांत एक फेरी मारली, पायडल उलट दाबलें आणि सायकल जागच्या जागीं उभी राहिली. लगाम पायांत होता.

या ब्रेकला आपल्याकडे रूढ असें नांव नाहीं, कारण ही जात आपल्याकडे फारशी आलीच नाहीं. महाराष्ट्राचा सायकलीशीं संबंध जुना आहे. बेळगांवास किर्लोस्कर बंधूंनीं १८८८ सालीं सायकलींचें दुकान मांडलें, आणि त्याच घराण्याच्या उद्योगांतून पुढें लोखंडी नांगर निघाले व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. पुण्यास तर एके काळीं सायकलींचें शहर म्हणत. परंतु आपल्या ज्या पिढ्या सायकलीवर वाढल्या त्यांनीं ब्रेक दाबला तो हातानें. जर्मनी, हॉलंड या मुलखांत मात्र उलट पायडलाचा ब्रेक घरोघर झाला. श्वाइनफुर्ट येथें अर्न्स्ट साक्स या कारखानदारानें १९०३ सालीं 'टॉर्पेडो' नांवाचा हब बाजारांत आणला, आणि त्या जातीचे हब तिकडे आजही सर्रास दिसतात. यांत सोय मोठी : पावसांत भिजणारे रबरी ठोकळे नाहींत, तुटणारी तार नाहीं. गैरसोय कोणती, तें पुढें येईलच.

आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या माणसास यंत्रापेक्षां शब्द आधीं सुचतो. चाकाची कड ती नेमि, मधला तुंबा ती नाभि, मध्यें आरे, आरपार अक्ष, आणि अक्षाच्या टोंकाची खीळ ती अणि; हे शब्द अमरकोशांत पाठ केल्याला आम्हांस पन्नासांवर वर्षें झालीं. या सायकलीचें सारें गुपित नाभींत आहे. तिच्या पोटांत पेचासारख्या आट्या पाडलेला एक तुकडा असतो व त्या आट्यांवरून इकडे-तिकडे सरकणारा दुसरा. पायडल पुढें मारलें कीं हा दुसरा तुकडा साखळीच्या बाजूस सरकून नाभीच्या कवचाला आंतून पकडतो व चाक फिरूं लागतें. पायडल थांबविलें कीं पकड सुटते आणि चाक आपल्या वेगानें पळत राहतें. पायडल उलट दाबलें कीं तोच तुकडा डावीकडे सरकून ब्रेकच्या पट्ट्या फांकवतो, त्या पट्ट्या कवचाला आंतून घासतात व चाक थांबतें. धातूवर धातू घासणार, म्हणून आंत उष्णता सोसणारें जाड वंगण भरपूर लागतें. कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत १९७६ सालीं कांहीं तरुणांनीं असल्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून खालीं शर्यती सुरू केल्या. एकाच उतारांत हबांतील वंगण जळून धूर निघे आणि फेरी संपली कीं हब उघडून पुन्हा वंगण भरावें लागे. त्यावरून त्या वाटेचें नांवच 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरण, असें पडलें. डोंगरी सायकल म्हणून जो प्रकार आज जगभर खपतो त्याचें मूळ या शर्यतींत सांगतात.

आतां वाचकहो, थोडा विचार करा. पट्ट्या चाकाला थांबवूं पाहतात, तर चाकही पट्ट्यांना आपल्याबरोबर फिरवूं पाहणारच. त्यांना कोणीतरी धरून ठेवलें पाहिजे. तें काम डाव्या अंगास असलेली एक वीतभर लोखंडी दांडी करते. तिचें मागचें टोंक आंसावर घट्ट बसलेलें, आणि पुढचें टोंक सायकलीच्या खालच्या नळीला एका लहान पट्टीनें व एका लहान बोल्टानें जखडलेलें. ब्रेक दाबला कीं सारा झटका त्या दांडीवर, व दांडीकडून त्या नखाएवढ्या बोल्टावर येतो. देवदैत्यांच्या लढाईंत दशरथाच्या रथाची आंसाची खीळ निखळली तेव्हां कैकेयीनें त्या भोकांत आपला हात घालून रथ सांवरला, ही अध्यात्मरामायणांतली कथा घरोघरच्या आजीबाई सांगत आल्या आहेत. तिनें हात घातला. आम्हीं सुतळी बांधली.

झालें असें कीं, दिवाळीनंतर शेताच्या वाटेवर बाभळीचा कांटा सायकलीच्या मागच्या चाकांत शिरला. पंक्चर काढणें आम्हांस येतें. वडिलांच्या काळ्या रॅलेवर तें आम्ही बाराव्या वर्षीं शिकलों होतों. चाक काढावयाचें तर ही दांडी आधीं सोडावी लागते. आम्हीं तिचा बोल्ट काढून ओसरीच्या पायरीवर ठेवला, आणि काम आटोपून पाहतों तों पायरीवर बोल्ट नाहीं. केरसुणीबरोबर गेला कीं उंदरानें नेला, देव जाणे. दिवेलागणी झाली होती, दुकानें दूर, आणि नातीला सकाळीं शाळेला जावयाचें. आम्हीं पोत्याची सुतळी दुहेरी करून दांडी नळीला आवळून बांधली, वर दोन गांठी मारल्या, आणि उद्यां बोल्ट आणूं असें मनाशीं ठरविलें. तो उद्यां तीन आठवडे उजाडला नाहीं.

पांच-सहा दिवसांनीं नात म्हणाली, "आजोबा, मागचं चाक डुगडुगतंय." आम्हीं पाना घेऊन दोहों बाजूंचे नट आवळले. पुन्हा चार दिवसांनीं तीच तक्रार; पुन्हा नट आवळले. तिसऱ्या खेपेस आमच्या म्हाताऱ्या मनगटाचा दोष असेल असें मानून शेजाऱ्याकडून लांब दांड्याचा पाना मागून आणला व नट असे आवळले कीं पाना कण्हला. घट्ट केलेली वस्तु पुनःपुन्हा ढिली होते तेव्हां ती ढिली कां होते हें विचारावें, हें आम्ही चाळीस वर्षें मुलांच्या पाढ्यांबाबत सांगत आलों. सायकलीच्या बाबतींत आम्हांस तें सुचलें नाहीं.

मार्गशीर्षांतली गोष्ट. ओढ्याच्या पुलाकडे रस्ता थोडा उतरतो. नात उतारावर होती, समोरून कापसानें भरलेला ट्रॅक्टर पूल चढून येत होता. तिनें वेग आवरण्यासाठीं पायडल उलट दाबलें, तर पायडल नुसतेंच मागें फिरत राहिलें. मागचें चाक खांचेंतून पुढें सरकलें होतें, साखळी सैल पडून उतरली होती. आणि या सायकलीची गैरसोय ती हीच, कीं पायाचा हुकूम नाभीपर्यंत जातो तो साखळीनेंच. साखळी उतरली कीं ब्रेकही संपला. दुसरा ब्रेक नव्हताच. मुलीनें प्रसंगावधान राखून सायकल रस्त्याखालीं पऱ्हाटींत घातली व पडली. कोंपर फुटलें, हनुवटीला तीन टांके पडले, गणवेशाची बाही फाटली. ट्रॅक्टरवाला भला माणूस. त्यानें गाडी थांबवून तिला उचललें, पाणी पाजलें, आणि सायकलीसकट घरीं आणून सोडलें.

संध्याकाळीं माजघरांत पंचायत बसली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पुरे झालं हे सायकल-पुराण. रिक्षा लावा पोरीला." थोरले बंधू म्हणाले कीं ज्या वाहनाला दिसणारा ब्रेक नाहीं तें वाहन घरांत नको, विकून टाका. आमचे चिरंजीव मुलीवरच रागावले. उतारावर पिटाळीत असशील, मैत्रिणींशीं शर्यत लावीत असशील, असें बोलले. सूनबाई एवढेंच म्हणाल्या कीं रिक्षा लावली तर मुलगी शिकवणीला, वाचनालयाला, कोठेंच आपल्या वेळेनें जाऊं शकणार नाहीं, आणि त्या गप्प झाल्या. नात हनुवटीला पट्टी लावून कोपऱ्यांत बसली होती. "मी ब्रेक मारला होता," ती दोनदां म्हणाली. "पायडल फिरतच राहिलं." तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाहीं. आम्ही पंचांग चाळीत बसलों होतों. एकादशी कधीं आहे तें आम्हांस पाठ होतें.

रात्रीं अंथरुणावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ती सुतळी तुम्हीच ना बांधली होती?" आम्हीं हूं म्हटलें. त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत. तीन तास झोंप आली नाहीं.

सकाळीं चहाच्या वेळीं सर्वांसमक्ष आम्हीं सुतळीची हकीकत सांगितली. मुलगी खरें बोलत होती व दोष आमचा, हेंही सांगितलें. चिरंजिवांनीं मान खालीं घातली. बंधूंनीं बशी खालीं ठेवली, बराच वेळ आमच्याकडे पाहिलें व विचारलें, "शाळेंत एखाद्या पोरानं असं केलं असतं, आणि दुसऱ्याला बोलणीं खाऊं दिलीं असतीं, तर तूं काय शिक्षा केली असतीस?" आमच्यापाशीं उत्तर होतें, पण तें देण्याचें धैर्य नव्हतें. नात उठून आंत गेली. तीन दिवस ती आमच्याशीं बोलली नाहीं, आणि तें योग्यच होतें.

चौथ्या दिवशीं आम्ही सायकल ढकलीत बसस्थानकाजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलों. हा आमचा जुना विद्यार्थी. आठवीला संस्कृतांत त्याला आम्हीं दोनदां नापास केलें होतें. असला हब त्यानेंही जन्मांत पाहिला नव्हता. त्यानें सायकल उलटी ठेवली, पायडल पुढें-मागें फिरवून पाहिलें, मग डाव्या बाजूस वांकून विचारलें, "गुरुजी, ही सुतळी कुणी बांधली?"

आम्हींच, असें सांगितलें.

तो हंसला नाहीं, हा त्याचा मोठेपणा. म्हणाला, "मग नटाचा काय दोष न्हाई, गुरुजी. दर ब्रेकला ही दांडी खाली दबती, सोडला की वर येती. दांडी हलली की कोन हलतो, कोन हलला की आस हलतो. आस आतून नटाला ढिल्ला करतोय. तुम्ही बाहेरून आवळता, ब्रेक आतून सोडवतो." शब्दसिद्धि कळण्यास आम्हांस जितका वेळ लागला असेल त्याच्या दशांशांत त्या गृहस्थानें दोष हुडकला.

ढिलें चाक म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी असूं शकतात, हें त्यानें दाखविलें, आणि तें आमच्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितों. चाकाची कड धरून डावी-उजवीकडे हलवावी. आंसच खांचेंत हलत असेल तर बाहेरचे नट सैल. नट घट्ट, आंस स्थिर, तरी कड हलते व बोटांना बारीक टकटक लागते, तर आंतले कोन सैल झाले असून छर्रे मोकळे खेळत आहेत. आणि हलविल्यानें कांहीं होत नाहीं, पण चाक फिरविलें असतां एकाच जागीं कड नळीजवळ येते, तर तारा ढिल्या आहेत व चाक औट झालें आहे. आमच्या चाकाला पहिले दोन्ही रोग होते. शिवाय नळीच्या डाव्या अंगाला रंग खरवडलेला होता. तो कां, हेंही त्यानेंच सांगितलें : साखळी उजव्या बाजूस असते, म्हणून पायडलाचा जोर आंसाचें उजवें टोंक पुढें ओढतो, चाक तिरपें होतें व त्याची पुढची कड डाव्या नळीला घासते. ती खूण तीन आठवडे आमच्या डोळ्यांसमोर होती.

दुरुस्तीला दोन दिवस लागले, कारण उष्णता सोसणारें वंगण जालन्याहून मागवावें लागलें. नातीला आम्हीं बोलावलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर ती आपण होऊन तेथें आली व न बोलतां उभी राहिली. हब उघडतांना त्या शहाण्या माणसानें प्रत्येक तुकडा निघाला त्या क्रमानें वर्तमानपत्रावर मांडला व त्याभोंवतीं पेन्सिलीनें रेघ ओढली. जुनें काळें वंगण रॉकेलानें धुतलें, छर्रे व त्यांच्या वाटा बोटानें चांचपल्या. खड्डे पडलेले नव्हते. मग नवें वंगण भरून तुकडे उलट क्रमानें बसविले.

कोन बसविण्याचें काम नाजूक. कोन कोणत्या बाजूनें फिरवावयाचा हें हबागणिक निराळें असतें. आमच्या हबांत दांडीवरचा चेकनट सैल करून आंसाचें चौकोनी टोंक पान्यानें फिरविलें कीं कोन आंत किंवा बाहेर जाई. तो फेऱ्याचा आठवा हिस्सा फिरवी, चेकनट आवळी, चाक हलवून पाही, आणि पुन्हा सोडी. चेकनट आवळतांना कोन स्वतःच जरा घट्ट होतो, तेव्हां आधीं किंचित सैल सोडावा लागतो. फार घट्ट झाला तर छर्रे व कोन झिजतात, चाक जड फिरतें. फार सैल राहिला तर टकटक होते व ब्रेक उशिरां लागतो. बरोबर बसल्याची परीक्षा त्यानें दाखविली ती आम्हांस फार आवडली. चाक हातांत अधांतरीं धरून हळूच सोडलें, तर हवा भरण्याच्या नळीच्या एवढ्याशा वजनानें चाक आपोआप फिरलें, नळी तळाशीं आली, पुढें गेली, परत आली, आणि झोंका घेत स्थिरावली. नात पहिल्यांदा बोलली ती तेव्हां, पण त्याच्याशीं. "पुन्हा दाखवा ना, काका," म्हणाली.

चाक खांचेंत बसवितांना साखळी चढवून चाक मागें ओढलें, दोन नळ्यांच्या बरोबर मध्यावर आणलें, आणि नट एकदम न आवळतां थोडा उजवा, थोडा डावा असे आळीपाळीनें आवळले. नटाखालीं दांतेरी वायसर घातले. आमच्या हातून पहिल्या खेपेस एक वायसर आंतल्या अंगास गेला होता. साखळी मध्यावर बोटानें दाबली असतां सुमारें अर्धा इंच हलावी. परंतु ती एकाच जागीं पाहून भागत नाहीं, पायडल पूर्ण फेरा फिरवून जेथें साखळी सर्वांत ताठ होते तेथें हें माप पाहावें. पुढचें दांत्यांचें चक्र सहसा अगदीं गोल नसतें. दांडीची पट्टी शेवटीं. त्यासाठीं दांडी वांकवूं नये, ती आपणहून नळीला येऊन टेकली पाहिजे. जुनी पट्टी ताणली होती, म्हणून नळीच्या मापाची नवी घातली, नवा बोल्ट, आणि एकावर एक दोन नट.

इतकें झाल्यावर त्यानें आपण होऊन सांगितलें, "गुरुजी, पुढं एक हाताचा ब्रेक बसवू द्या. साखळी परत कधी उतरनार न्हाई असं मी लिहून देत न्हाई." पुतण्यांना दूरध्वनि केला तेव्हां कळलें कीं जर्मनींत कायद्यानेंच सायकलीला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक लागतात. पुढच्या चिमट्याला भोंक होतेंच. साधा तारेचा ब्रेक बसला. आमच्या बंधूंना दिसणारा लगामही मिळाला. सगळ्याचे मिळून त्यानें इतके कमी पैसे सांगितले कीं आम्हीं आग्रहानें अधिक दिले. एका सुतळीनें आम्हांस वांचविलेले पैसे त्याहून कितीतरी कमी होते.

सायकल ठेवावयाची कीं विकावयाची हा प्रश्न मात्र तेवढ्यानें सुटला नाहीं. वहिनींचें म्हणणें कायम होतें, आणि तें खोटें म्हणतां येत नाहीं. हनुवटीचे टांके त्यांनीं पाहिले होते. अखेर बंधूंनीं तोड काढली. सायकल राहील; परंतु तिची निगा ज्यानें त्यानें न करतां जी चालवते तिनें करावयाची, आणि तपासणी झाल्याशिवाय सोमवारीं ती दाराबाहेर पडावयाची नाहीं. आमच्याकडे कोणतें काम द्यावें, असें चिरंजिवांनीं विचारलें. नात म्हणाली, "आजोबा सायकल धरतील."

तेव्हांपासून दर रविवारीं सकाळीं पूजा आटोपली कीं ओसरीवर हा कार्यक्रम असतो. पंधरा नंबरचा पाना तिच्या मालकीचा झाला आहे. आम्ही त्याला हात लावीत नाहीं. ती आधीं पट्टीचा बोल्ट चांचपते, दांडी ओढून पाहते, मग दोन्ही नट, मग कड हलवून टकटक आहे कां तें पाहते, साखळी दाबते, आणि शेवटीं अंगणांत हळू फेरी मारून दोन्ही ब्रेक निरनिराळे लावते. वहिनी तुळशीपाशीं उभ्या राहून पाहतात व न विचारतां सूचना करतात. गेल्या रविवारीं मागच्या चाकांत पुन्हा कांटा निघाला, तेव्हां चाक उतरवावें लागलें. तिनें बोल्ट काढून आमच्या हातीं दिला आणि पंक्चर काढावयास बसली. काम संपल्यावर मान वर न करतांच तिनें विचारलें, "आजोबा, बोल्ट कुठं ठेवलात?" आम्हीं मूठ उघडून दाखविली.